पलटणीचे फोटो आणि ते ओळखणारी माणसे

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या दादांच्या, लष्करातील फोटोंमध्ये लढाईचा एकही फोटो नाही. दादा १९६७ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, प्रशिक्षणानंतर पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे १७६८ पासून चालत आलेल्या ‘जंगी पलटणी’त गेले, आणि १९७१ च्या डिसेंबरात तिच्याबरोबर आजच्या बांगलादेशातील जमालपूर व टांगाईलपर्यंत लढत गेले. त्यांच्या अल्बममध्ये मात्र कसम परेडचा, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावर शपथ घेण्याच्या संचलनाचा, फोटो आहे, व्हॉलीबॉलच्या संघाचा आहे, बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या सामूहिक मेजवानीला, पत्रावळीवर जेवायला बसलेली माणसे आहेत आणि रंगवलेल्या पडद्यासमोर खुर्चीला हात टेकून उभा असलेला एक सडपातळ शिपाई आहे. आघाडीवर कॅमेरा नेण्याची मुभा नव्हती आणि शिपायाच्या पगारात तो परवडणाराही नव्हता. छावणीच्या बाजारातील स्टुडिओवाला अधूनमधून पलटणीत येई, तिपाईवर कॅमेरा लावी आणि ज्याने आगाऊ पैसे दिले असतील त्याला आठ-दहा दिवसांनी प्रत मिळे. त्यामुळे एका फोटोत तीस माणसे असली, तरी त्याच्या प्रती पाच-सहा जणांच्याच घरी गेल्या.

हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते, आणि ही नोंद मी मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे. पलटणीचा फोटो ज्याच्या ट्रंकेत आहे त्याच्या एकट्याचा तो नसतो. त्यात जे जे उभे आहेत, त्या प्रत्येकाच्या घराचा त्याच्यावर हक्क आहे, आणि त्या घरांपैकी अनेकांना असा फोटो अस्तित्वात आहे हेसुद्धा ठाऊक नाही. १९७१ साली पलटणीत सर्वांत लहान असलेला शिपाईही आज सत्तरी ओलांडून पुढे गेला आहे. चेहरे ओळखू शकणारी माणसे आहेत तोपर्यंतच हे फोटो एकमेकांसमोर ठेवले गेले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत, जिथे घरटी एक माणूस लष्करात असतो आणि पेन्शनवर आलेली माणसे संध्याकाळी पारावर एकत्र बसतात. आमच्या मराठवाड्यात तसे नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ब्रिटिश काळातील मराठा पलटणींची भरती प्रामुख्याने कोकणातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून झाली, आणि आपल्याकडे लष्करी नोकरीची घराणी तशी कमीच तयार झाली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तिथल्या संस्थानी सैन्यातील पायदळ मराठा रेजिमेंटमध्ये आले, ती आजची २२ मराठा लाइट इन्फंट्री. दादांच्या पिढीत लातूर, बीड, परभणी, नांदेडकडची जी मुले भरती झाली, त्यांतील बरीचशी आपापल्या घरातील पहिलीच होती. एका गावात एक फौजी, दुसरा दहा कोसांवरच्या गावात, तिसरा दुसऱ्याच जिल्ह्यात. पेन्शनवर आल्यावर प्रत्येकजण आपल्या शेतात, आपल्या कोरडवाहू कामात गुंतला आणि त्याचे फोटो त्याच्या ट्रंकेत एकटे पडले.

ही ट्रंक काळ्या पत्र्याची असते आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, नाव व पलटण लिहिलेले असते. दादांची ट्रंक लातूरहून बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्रात, गेली ती नॅरोगेजच्या गाडीने. ज्यांनी ती गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते की, लातूरहून कुर्डुवाडी, पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची ही छोटी गाडी धावत असे, आणि मिरजेला गाडी बदलून मीटरगेजने बेळगाव गाठावे लागे. दादा सांगतात की, त्या प्रवासात त्यांच्या डब्यात भरतीला निघालेली आणखी तीन मुले होती आणि चौघांच्याही फडक्यात ज्वारीची भाकरी व शेंगदाण्याची चटणी होती. त्या तिघांपैकी दोघे कसम परेडच्या फोटोत दादांच्या मागच्या रांगेत उभे आहेत. कसम परेडनंतर एकाच प्लाटूनमधील रंगरूट वेगवेगळ्या बटालियनमध्ये वाटले जात, त्यामुळे या फोटोतील माणसे १९७१ मध्ये वेगवेगळ्या आघाड्यांवर होती, आणि त्यांतील कोण परत आले हे दादांना कित्येक वर्षे समजलेच नव्हते.

यंदा हे सारे फोटो आमच्या ओसरीत एकत्र आले, त्याचे निमित्त अगदी साधे होते. नोव्हेंबर महिन्यात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी बँकेत गेले असताना दादांनी आपल्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या हातातील कागदावर पलटणीचे नाव पाहिले, आणि त्या दोघांनी एकमेकांना पहिला प्रश्न विचारला तो कंपनीचा, म्हणजे पलटणीतल्या तुकडीचा. ते गृहस्थ मूळचे अंबाजोगाई तालुक्यातले, हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता मुलाकडे लातुरात राहणारे. त्यांच्याकडून गंगाखेडकडच्या एका नाईक काकांचा पत्ता लागला. नांदेडकडचे एक सुभेदार साहेब महार रेजिमेंटचे; त्यांची पलटण निराळी आणि १९७१ मध्ये ते पश्चिम आघाडीवर होते, परंतु माजी सैनिकांच्या कामामुळे त्यांची या सर्वांशी ओळख आहे. विजय दिवसाला, म्हणजे १६ डिसेंबरला, हे तिघेही आमच्याकडे आले आणि प्रत्येकाने आपला अल्बम, तर कुणी नुसतेच जुन्या पाकिटात ठेवलेले फोटो, सोबत आणले होते.

मी शाळेत शिकवते आणि मुलांना इतिहासाची साधने कोणती, हे दरवर्षी सांगते. त्या दिवशी ओसरीत सतरंजीवर बसून मी ती साधने तपासली जाताना पाहिली. सुभेदार साहेबांनी भिंग मागवून घेतले आणि सर्वांत आधी बाह्यांवरच्या फिती पाहिल्या, मग छातीवरच्या रिबन पाहिल्या. १९७१ च्या पूर्व आघाडीसाठीच्या ‘पूर्वी स्टार’ पदकाची रिबन असेल तर फोटो १९७१ नंतरचा, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक असेल तर १९७२ च्या अलीकडचा, आणि हातात थ्री नॉट थ्री रायफल असेल तर बहुधा प्रशिक्षणाच्या दिवसांतला, कारण पुढे पलटणींना इशापूरची नवी एसएलआर रायफल मिळाली होती. ज्या फोटोवर दादा इतकी वर्षे ‘१९७३ असावे’ असे म्हणत होते, तो त्यातील एकाच्या बाहीवर फक्त एक फीत आहे (नाईकाच्या दोन असतात) म्हणून त्याहून आधीचा ठरला, कारण तोच माणूस दुसऱ्या, पाटीवर साल लिहिलेल्या फोटोत नाईक झालेला दिसतो. पुरावा असा दोन घरांतून आलेल्या दोन फोटोंमधून जुळला. एकट्या अल्बममधून तो जुळला नसता.

नावांचा प्रश्न याहून अवघड होता. मराठा पलटणीत जाधव, पवार, शिंदे, मोरे एका कंपनीत अनेक असतात, म्हणून तिथे माणसाला आडनाव आणि नंबराचे शेवटचे आकडे जोडून हाक मारतात. दादा आणि हवालदार काका फोटोवर बोट ठेवून ‘हा पवार बावीस, हा जाधव चौऱ्याऐंशी’ असे सांगत होते, पण पवार बावीसचे पहिले नाव दोघांनाही आठवत नव्हते. शेवटी नाईक काका एकदम म्हणाले, “अवो, हा तर आपला निलंग्याचा! रोलकॉल झाल्यावर गवळणी म्हणायचा बघा.” नाव तेव्हाही आठवले नाही. तालुका मात्र मिळाला, आणि तालुका मिळाला म्हणजे आपल्याकडे माणूस सापडू शकतो.

चहा झाल्यावर बडाखान्याचा एक फोटो मध्ये आला आणि त्याच्यावरून जमालपूर सुरू झाले. फोटोत पंगत आहे, वाढपी आहेत, एक लांगरी, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी, हातात मोठी पळी घेऊन कॅमेऱ्याकडे पाहत आहे. हा लांगरी लढाईत रात्री पुरी-भाजी घेऊन मोर्चापर्यंत, म्हणजे आमच्या खंदकापर्यंत, रांगत आला होता, अशी आठवण हवालदार काकांनी काढली, आणि तिथून पुढे बराच वेळ कोणी फोटोकडे पाहिलेच नाही.

जमालपूरची लढाई लष्करी इतिहासात नोंदलेली आहे, परंतु मराठवाड्यातील नव्या पिढीला ती फारशी ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांची ९५ माउंटन ब्रिगेड मेघालयाच्या बाजूने खाली उतरली. ४ डिसेंबरला कमालपूरचे ठाणे पडले आणि बक्षीगंज, शेरपूर या मार्गाने सैन्य ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्रापाशी आले. पलीकडच्या तीरावर जमालपूर होते आणि तिथे पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण पक्क्या मोर्चांत बसलेली होती. समोरून धडक मारण्याऐवजी लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या नेतृत्वाखालील १ मराठा नदी ओलांडून शहराच्या मागे गेली आणि दक्षिणेकडे जाणारा रस्ता अडवून बसली. क्लेर यांनी शरण येण्याबद्दल पाठवलेल्या पत्राला पलीकडच्या कर्नलने उत्तर दिले, त्या उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची एक गोळी होती. १० डिसेंबरच्या रात्री त्या फौजेने वेढा फोडून ढाक्याकडे निसटण्याचा प्रयत्न केला आणि ती थेट मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. रात्रभर लढाई झाली, आणि ११ तारखेला जमालपूर पडले.

पुस्तकात हे इतकेच असते. दादांच्या तोंडून जे आले ते असे : भात कापून झालेली शेते, दवाने भिजलेली खुंटे, मोर्चात पायाखाली साचलेले पाणी, आणि रस्त्यावरून माणसे चालत येत असल्याचा आवाज ऐकू येत असूनही ‘अजून नाही, अजून नाही’ म्हणून गोळी रोखून धरण्याचा हुकूम. “तेवढा वेळ सगळ्यात लांब वाटला,” असे दादा म्हणाले. ते सांगत असताना हवालदार काका मान हलवत होते, आणि मध्येच त्यांनी एक दुरुस्तीही केली की, पहिली फैर डावीकडच्या कंपनीने झाडली होती. दोघांमध्ये त्यावर थोडा वादही झाला. माझ्या सबंध आयुष्यात दादांनी ही रात्र आमच्यापुढे कधी अशी सांगितली नव्हती. आम्ही मुले ‘दादा, लढाईचं सांगा ना’ म्हणून मागे लागायचो तेव्हा ते दोन वाक्यांत विषय संपवीत. तिथे हजर असलेला आणि आपले सांगणे तपासू शकणारा माणूस समोर बसल्यावरच ते मोकळेपणाने बोलू शकले, असे मला वाटते.

याच गप्पांत टांगाईलची आठवण निघाली. ११ डिसेंबरला दुपारनंतर टांगाईलजवळ २ पॅरा बटालियनचे जवान हवाई छत्रीने उतरले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जंगी पलटण रस्त्याने पुढे जाऊन त्यांना मिळाली. ही २ पॅरा म्हणजे पूर्वीची ३ मराठाच. दादा सांगतात की, अंधारात समोर कोण आहे याची खात्री होईपर्यंत सारेजण बोटे बंदुकीच्या घोड्यावर ठेवून होते, आणि मग पलीकडून कुणीतरी खास घाटावरच्या मराठीत शिवी हासडली, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. परक्या मुलखात, पुंगलीच्या पुलाजवळ, दोन्ही बाजूंनी मराठी बोलणारी माणसे एकमेकांना भेटली, याचे त्या तिघांना आजही अप्रूप आहे.

दादांच्या अल्बममधील एक फोटो पलटणीतला नाही, पण तो मी त्या दिवशी मुद्दाम पुढे ठेवला. १९७२ मध्ये दादा रजेवर आले तेव्हा लातुरातील स्टुडिओत काढलेला हा फोटो आहे. गणवेशातील दादा, शेजारी माझी आजी आणि दोन काका. आजीच्या गळ्याची हाडे दिसतात. तो दुष्काळाचा काळ होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, गावोगावी पाझर तलावाची आणि खडी फोडण्याची कामे निघाली होती, कामावर सुकडी मिळत होती आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. दादांची मनिऑर्डर हेच त्या वर्षी घरात नियमित येणारे उत्पन्न होते. नाईक काकांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले की, त्यांच्याही आईने त्या वर्षी ९९ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावर लिहून घेतलेल्या पत्रात दुष्काळाचा शब्दसुद्धा येऊ दिला नव्हता. रजेवर घरी आल्यावर त्यांना गोठा रिकामा दिसला. युद्ध जिंकून आलेली ही मुले अशा घरांत परत आली होती. मराठवाड्यातील सैनिकांच्या आठवणी लिहिताना १९७१ आणि १९७२ ही दोन वर्षे वेगळी काढता येतील, असे मला वाटत नाही.

आता ज्या फोटोमुळे मला हे लिहावेसे वाटले त्याविषयी. बी कंपनीच्या एका गटाच्या फोटोत, उभ्या रांगेत उजवीकडून चौथा, एक उंच माणूस आहे. तो औसा तालुक्यातील किल्लारीजवळच्या एका खेड्यातला. जमालपूरहून तो सुखरूप परतला, पुढे पेन्शनवर आला, गावी शेती करू लागला, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून झोपलेल्या सगळ्या गावाबरोबर आपल्याच घराच्या माळवदाखाली गेला. त्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर असलेली माळवदे यांच्याखाली माणसांबरोबर घरांतील कागद, कासंड्या, पाटे-वरवंटे आणि फोटोही गेले. नंतर गावे नव्या जागी वसवली गेली, पक्की घरे मिळाली, परंतु त्या घरांच्या भिंतींवर लावायला जुने काहीच उरले नव्हते.

त्यांच्या पत्नी बचावल्या होत्या. सुभेदार साहेबांनी चौकशी करून त्यांचा पत्ता मिळवला आणि जानेवारीत दादा, हवालदार काका व मी त्या नव्या गावात त्यांच्या घरी गेलो. त्यांच्याकडे पतीचा एकच फोटो होता, डिस्चार्ज बुकाच्या नव्या प्रतीसाठी धडपड करताना कुठल्याशा जुन्या अर्जावरून काढून घेतलेला, अंगठ्याएवढा आणि चेहरा जवळजवळ पुसलेला. मुलगा भूकंपाच्या वेळी सहा वर्षांचा होता. वडील दिसायला कसे होते हे त्याला सांगता येत नव्हते. आम्ही मोठी करून नेलेली प्रत त्या माउलीच्या हातात दिली, तेव्हा तिने एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत चौथ्यावर आणले आणि मुलाला म्हणाली, “हे बघ, तुझ्यासारखेच कान.” मग तिने दादांना विचारले की, हे तिथे हसत का आहेत. दादांना कारण आठवत होते. फोटोवाल्याने ‘हलू नका’ म्हटल्यावर मागून कुणीतरी सीओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांच्या, आवाजाची नक्कल केली होती. ती गोष्ट दादांनी त्या घरात सविस्तर सांगितली, आणि मुलगा, नातवंडे, शेजारचे लोक सारे ऐकत बसले होते.

त्या भेटीनंतर आम्ही चौघांकडचे सगळे फोटो व्यवस्थित स्कॅन करून घेतले. ज्यांच्या घरी असे फोटो आहेत त्यांना अनुभवाने काही सांगावेसे वाटते. जुने फोटो कृपया लॅमिनेट करू नका, कारण एकदा प्लास्टिक चिकटले की ते फोटोला इजा न करता काढता येत नाही. फ्रेममध्ये ओल शिरून फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून सोडवू नका, काचेसकटच स्कॅन करा. मागच्या बाजूला बॉलपेनने जोर देऊन लिहिले तर अक्षरे पुढे उमटतात, म्हणून मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा; आणि तिथे नाव, गाव, तालुका, पलटण, कंपनी आणि नंबर यांतील जे जे ठाऊक असेल ते सारे लिहा, कारण नुसते ‘पवार’ लिहिल्याने पुढच्या पिढीला काहीच कळणार नाही. स्टुडिओचा शिक्का मागे असेल तर तोही स्कॅन करा. आणि हे करताना ज्येष्ठ माणसाला शेजारी बसवून त्याचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, शक्य झाल्यास त्याच्या एखाद्या सोबत्यासमोर.

महार रेजिमेंटच्या सुभेदार साहेबांनी आणलेल्या फोटोंविषयी इथे थोडेच लिहिले, कारण त्यांच्यासाठी स्वतंत्र लेख लिहायचा आहे. १९४१ मध्ये बेळगावलाच उभी राहिलेली ही रेजिमेंट, त्यांच्या चुलत्यांची तिच्यातील सुरुवातीच्या काळातील नोकरी, आणि घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी पिढ्यान्‌पिढ्या लावलेला चुलत्यांचा फोटो, हे सारे त्यांनी सांगितले आहे आणि ते नीट लिहिण्याजोगे आहे.

दादांच्या कसम परेडच्या फोटोतील बहुतेक चेहऱ्यांची गावे आता लागली आहेत. मागच्या रांगेतील डावीकडून दुसरा अजून सापडलेला नाही. लातूरच्या गाडीत भाकरी वाटून खाणाऱ्या मुलांपैकी तो एक. तो उदगीरच्या बाजूचा होता, त्याच्या उजव्या भुवईवर खोक होती, कुस्ती चांगली खेळत असे आणि बेळगावहून दादांपेक्षा वेगळ्या बटालियनमध्ये गेला, एवढे दादांना आठवते. आपल्या घरात, भावकीत किंवा गावात १९६७ च्या सुमारास भरती झालेले असे कुणी असतील, तर त्यांचे नाव आणि त्यांच्याकडचे फोटो आम्हाला हवे आहेत. आमच्याकडची त्यांच्या कसम परेडची प्रत तयार करून ठेवली आहे आणि ती त्यांच्या घरी पोहोचवायला आम्ही स्वतः येऊ.